पाच जुलैचं पत्र

१

"एक लाख चौऱ्याऐंशी हजार युरो, प्रमिलाताई! साडेसात लाख दिरहम धरा. आपल्या रुपयांत सव्वा कोटीच्या वर. आणि गेले कुठे, तर हवेत!"

शैलेंद्र मुजुमदारांनी दोन्ही हात वर करून ते युरो कसे उडाले ते दाखवलं. प्रमिला कानिटकर समोरच्या खुर्चीत बसून पाणी पीत होती. अल ऐनहून जबल अलीपर्यंत दीड तास गाडी हाणत आली होती, आणि ऑगस्टच्या उन्हात गाडीचा एसी अर्ध्या वाटेत रुसला होता. त्यामुळे हवेत उडालेल्या पैशांपेक्षा तिला पाण्यात जास्त रस होता.

प्रमिला ऑडिटर. वय छप्पन्न, मूळची पुण्याची. स्वभाव असा, की हिशेबात पाच दिरहमांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत बाई जेवायची नाही. नवरा तिला लाडाने 'गोचीड' म्हणायचा आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

"सुरुवातीपासून सांगा," ती म्हणाली.

मुजुमदारांचा धंदा साधा होता. ग्रीसमधल्या कालामाता गावच्या काप्सालिस कुटुंबाच्या घाण्यातून ऑलिव्ह तेल आणायचं, जबल अलीच्या गोदामात उतरवायचं आणि दुबईतल्या हॉटेलांना विकायचं. मे महिन्यात तीन कंटेनर आले होते, विकलेही गेले होते. काप्सालिसचे पैसे तेवढे द्यायचे होते. तेवढ्यात ग्रीसच कर्जापायी गाळात गेला. २०१५ च्या जूनअखेरीला तिथल्या सगळ्या बँकांना टाळं लागलं, आणि माणसं एटीएमपुढे रांगा लावून दिवसाला साठ साठ युरो काढू लागली.

"अशात हे पत्र आलं," मुजुमदारांनी कागद पुढे सरकवला. "चौदा जुलैला. आमच्या टपालातून."

पत्र इंग्रजीत होतं, काप्सालिसच्या लेटरहेडवर, खाली म्हाताऱ्या काप्सालिसची सही. तारीख पाच जुलै. मजकूर असा: 'आमच्या देशातली परिस्थिती आपण जाणताच. आज सकाळी मी स्वतः बँकेत जाऊन मॅनेजरना भेटलो. त्यांचा सल्ला असा, की पैसे इथे आले तर अडकतील, म्हणून ते आमच्या ब्रातिस्लाव्हा येथील खात्यात पाठवावेत. स्लोव्हाकियाचं चलनही युरोच आहे, त्यामुळे आपल्याला काहीच फरक पडणार नाही.' खाली खाते क्रमांक.

"आम्ही पंधरा तारखेला पैसे पाठवले. वीसला ग्रीसच्या बँका उघडल्या आणि काप्सालिसचा फोन आला, पैसे कुठायत? म्हणे आमचं असलं खातंच नाही, आम्ही असलं पत्रच लिहिलं नाही. आता त्यांच्या विमा कंपनीला बाहेरच्या माणसाचा रिपोर्ट हवाय. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

"कोणावर संशय?"

"संशय कसला, खात्री आहे. नागेश गुरव. आमचा ड्रायव्हर कम टपालवाला. पोस्टबॉक्सची चावी त्याच्याकडे. ग्रीसमधल्या कुठल्याशा टोळीने त्याला फोडलं आणि पाकीट आमच्या टपालात घुसवलं. हे बघा."

त्यांनी पाकीट दाखवलं. त्यावर निळ्या शाईत, वळणदार हस्ताक्षरात मुजुमदारांचं नाव आणि पोस्टबॉक्स नंबर होता. उजवीकडचा वरचा कोपरा मात्र वेडावाकडा कापलेला होता. तिकीट गायब आणि त्याबरोबर पोस्टाचा शिक्काही.

"पुरावा कापलाय त्याने," मुजुमदार म्हणाले. "आणि परवा गुरुवारी साहेब कायमचे गावी चाललेत! बावीस वर्षांनी. व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात. पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे म्हणून बरं. उद्या संध्याकाळपर्यंत तुमची सही झाली, की मी पोलिसांत तक्रार टाकतो. मग बसा म्हणावं इथेच."

प्रमिलाने पाकीट उजेडात धरलं. कापताना कोणीतरी बोथट सुरी वापरली होती. कागद करवतीने कापल्यासारखा दातेरी झाला होता.

"सही मी चौकशी झाल्यावर करते," ती म्हणाली. "आधी नाही."

२

अकाउंट्सच्या खोलीत सुजीत पोतनीस बसला होता. पस्तिशीचा, डोंबिवलीचा, घाबरट. पैसे त्याच्या हातून सुटले होते, त्यामुळे गेले पंधरा दिवस त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

"मॅडम, आय स्वेअर, मी सरांना विचारूनच ट्रान्सफर केलं. सरांनी पत्रावर ओके लिहिलंय."

"ब्रातिस्लाव्हा नाव वाचून शंका नाही आली? ग्रीसचे पैसे स्लोव्हाकियाला कशाला?"

"इथेच तर गंमत आहे ना मॅडम. युरो म्हणजे युरो. एकोणीस देशांचं एक चलन. अथेन्सचं खातं काय नि ब्रातिस्लाव्हाचं काय, बँकेला सगळं सारखंच. माझ्या ओळखीच्या दोन कंपन्यांनी त्या महिन्यात ग्रीक पार्टीचे पैसे जर्मनीत पाठवले. खरेखुरे! त्यामुळे कोणालाच काही वाटलं नाही."

प्रमिलाची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. प्रत्येक रविवारवर लाल फुली होती.

"हे काय?"

"युरोची सुट्टी," सुजीत पहिल्यांदाच थोडा हसला. "आपला वीकेंड शुक्रवार-शनिवार, त्यांचा शनिवार-रविवार. इथे नवीन माणूस आला की रविवारी हौसेने युरो पाठवतो, आणि ते सोमवारपर्यंत लटकतात. मी एकदा शिव्या खाल्ल्या, तेव्हापासून फुली मारतो. रविवारी युरोला हातच लावायचा नाही. खलास."

"या पार्टीचे पैसे द्यायचे कधी होते?"

सुजीतने दाराकडे पाहिलं. "वीस जूनला. पण सर म्हणाले थांब."

"का?"

"ते मला काय माहीत, मॅडम. मी पगारी माणूस."

प्रज्ञाला मात्र माहीत होतं. प्रज्ञा इम्पोर्टचं काम बघायची. तोंडाने फटकळ, आणि काप्सालिसची मुलगी एलेनी हिच्याशी तिची चांगली गट्टी होती. दोघी रोज व्हॉट्सॅपवर.

"सर रोज सकाळी येऊन एकच विचारायचे," ती म्हणाली, "काय प्रज्ञा, तुझा ग्रीस युरोतून बाहेर पडला का? जसं काही मीच त्याला धरून ठेवलंय! आणि तिकडे एलेनी रडत होती. घाण्यावर चाळीस बायका कामाला, त्यांचे पगार थांबलेले. तिकडच्या मतदानाच्या दिवशी मी तिला मेसेज टाकला, ऑल द बेस्ट, सगळं नीट होईल, इन्शाल्ला. ती म्हणाली, आम्ही सगळे शाळेत रांगेत उभे आहोत, बाबासुद्धा काठी टेकत आलेत."

"तुम्ही त्यांच्याकडे गेला आहात कधी?"

"मी कुठली जाते? सर गेले होते, मे महिन्यात. एलेनीच्या लग्नाला. तिकिटं मीच काढली. कालामाता, मग पुढे व्हिएन्ना, चार दिवस. बायकोला नेलं नाही, त्यावरून घरी महाभारत झालं म्हणे."

प्रमिलाने वहीत लिहून घेतलं. "आणि नागेश?"

प्रज्ञाचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, नागेशकाका चोर असतील तर मी नोकरी सोडते. बावीस वर्षांत त्यांनी पेट्रोलच्या बिलात एक दिरहम खाल्ला नाही. गरीब सापडला म्हणून धरलाय त्यांना, दुसरं काही नाही."

प्रज्ञा म्हणाली म्हणून प्रमिला तिथे विश्वास ठेवून बसली नाही. तसा तिचा धंदाच नव्हता. ती सरळ नागेशला शोधायला निघाली.

३

नागेश गुरव गोदामामागे सावलीत उभा होता. राजापूर तालुक्यातला माणूस, साठीला टेकलेला, गुडघ्यांनी वाकलेला. प्रमिला दिसताच त्याने टोपी काढली.

"बसा, नागेशराव," ती म्हणाली.

तो बसला नाही. "मॅडम, मी काय केलं नाय. बावीस वर्सं झाली, पोरीचं लगीनसुद्धा फोनवर बघितलं मी. आता गुरुवारी जायाचं, तर ह्ये असं. बायको रोज इचारते, ब्यागा भरल्या काय? तिला काय सांगू?"

"मला सांगा. चौदा जुलैला टपाल तुम्ही आणलं?"

"व्हय. रमजान होता, हापिस दोनला सुटायचं. मी बारालाच पोस्टातून गठ्ठा आणला आणि सायबांच्या टेबलावर ठेवला."

"त्यात हे पाकीट होतं?"

तिने पाकीट पुढे केलं. नागेशने ते हातात घेतलं, कापलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा बदलला. प्रमिलाने तो बदल नेमका टिपला. ती भीती होती, पण चोरी उघडी पडल्याची नव्हती. जुनी ओळख निघावी तसं काहीतरी होतं.

"ह्ये त्या गठ्ठ्यात नव्हतं," तो हळू म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

"मग हा कोपरा कोणी कापला?"

नागेशने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"नागेशराव, ऑफिसात सगळे म्हणतात, परदेशी पाकिटांची तिकिटं तुम्ही कापून घेता."

"घेत व्हतो. आता नाय. सायबांनी वरडून सांगितलं, सगळी फेकून दे. मी फेकली." त्याने पाकीट परत दिलं आणि नजर चुकवली. "सगळी फेकली, मॅडम."

हा माणूस खोटं बोलत होता. पण कशाबद्दल? प्रमिलाने पाकिटाचा फोटो काढून प्रज्ञाकडून मिळालेल्या नंबरावर एलेनीला पाठवला, आणि खाली विचारलं, हे अक्षर ओळखता का? टोळीने पाठवलेलं पाकीट असेल तर उत्तर 'नाही' येणार, हे उघड होतं.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

'हो. हे अक्षर माझंच आहे.'

४

प्रमिला गाडीत जाऊन बसली. रुसलेला एसी सुरू झाला नाही, तरी ती काच वर करून बसली आणि तिने एलेनीला फोन लावला. इंग्रजी दोघींचंही कामापुरतं होतं.

"अक्षर तुमचं, तर पत्र तुम्हीच पाठवलंत?"

"पत्र? छे! आम्ही धंद्याची पत्रं हाताने कशाला लिहू? सगळं ईमेलवर असतं. हे अक्षर माझं आहे, पण हे पाकीट... थांबा, मला नीट आठवू दे. असली पाकिटं मी खूप लिहिली आहेत."

"पत्रात लिहिलंय, पाच जुलैला सकाळी तुमचे वडील बँकेत जाऊन मॅनेजरना भेटले."

 एलेनी हसली. पण त्या हसण्यात कडवटपणा होता.

"बाई, बँका तर बंद होत्या."

"काही शाखा म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी उघड्या होत्या, असं मी वाचलंय. तुमचे वडील म्हातारे आहेत."

"रविवारी?"

"म्हणजे?"

"पाच जुलै रविवार होता! सार्वमताचा दिवस! कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य करायच्या की नाहीत, यावर अख्खा देश मत द्यायला रांगेत उभा होता. रविवारी ग्रीसमध्ये बँक उघडी नसते. चांगले दिवस असतानाही नसते. त्या दिवशी सकाळी बाबा माझा हात धरून शाळेत उभे होते."

प्रमिलाने कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं! वीस वर्षं या वाळवंटात राहून तिच्या डोक्यातला रविवारसुद्धा कामाचा झाला होता. रविवारी सकाळी डबा, रविवारी मीटिंग, रविवारी बँक. पत्रावरची तारीख तिने चारदा वाचली आणि चारही वेळा तिला त्यात काही खटकलं नाही. मुजुमदारांना खटकलं नाही. ज्याने हे पत्र लिहिलं, त्यालाही खटकलं नव्हतं.

तेव्हा ग्रीक टोळी वगैरे सब झूठ. जगातल्या कुठल्याही युरोपियन चोराने रविवारी माणसाला बँकेत पाठवलं नसतं. पत्र इथेच जन्मलं होतं, रविवारी ऑफिसला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून.

पण मग पाकीट? इथे लिहिलेलं पत्र एलेनीच्या अक्षरातल्या पाकिटात कसं शिरलं? याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं, आणि तो तिच्याशी खोटं बोलला होता.

५

बुधवारी सकाळी साडेसहाला प्रमिला जबल अलीच्या कामगार वस्तीत पोचली. कंपन्यांच्या बसेस भरून सुटत होत्या, आणि गाडीतून उतरलेल्या साडीतल्या बाईकडे माणसं वळून वळून बघत होती. नागेश खोलीबाहेर बाकावर चहा घेत होता. तिला बघून त्याचा कप हातातच राहिला.

"नागेशराव, मी तुम्हाला वाचवायला आले आहे की अडकवायला, ते तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "तुम्ही तिकिटं फेकलेली नाहीत. कुठे आहेत?"

"मॅडम, मालकाचा हुकूम मोडला म्हणून..."

"मालकाचा हुकूम गेला खड्ड्यात! तुमचं विमान उद्या आहे."

त्याने कप बाकावर ठेवला. मग आत गेला आणि भरलेल्या बॅगेच्या तळातून एक शाळेची शंभर पानी वही घेऊन आला. पानापानावर तिकिटं चिकटवलेली. तुर्कस्तान, इटली, केनिया, ग्रीस. तिकीट नुसतं नव्हतं, पाकिटाचा कापलेला अख्खा कोपरा होता, आणि खाली पेन्सिलीने मराठीत तारीख.

"इंग्रजी येत नाय मला," नागेश ओशाळून म्हणाला. "पण तिकिटं बघून मी देश सांगतो. कुठलं जहाज, कुठलं झाड. पोस्टातून आल्या आल्या पँट्रीतल्या सुरीने कापायचो. एकदा सायबांच्या खाजगी पाकिटाचं कापलं तर सगळ्यांसमोर मला वरडले. माझं टपाल फाडतोस? म्हणाले, सगळी फेकून दे. मी व्हय म्हटलं. पण फेकवली नाय माझ्याच्यानं."

"ते खाजगी पाकीट कुठलं होतं?"

नागेशने वहीचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. २२ मार्च. ग्रीसचं तिकीट, त्यावर जहाज. तिकिटावर पोस्टाचा गोल शिक्का.

प्रमिलाने पर्समधून पाकीट काढलं. कापलेला कोपरा वहीतल्या कोपऱ्याला लावला. एकेक दात एकेका खाचेत बसला. दोन तुकडे नव्हतेच जणू, एकच पाकीट होतं. शिक्क्यावरची तारीख तिने चष्मा पुसून वाचली. कालामाता, १२ मार्च २०१५.

"जुलैतलं पत्र," ती म्हणाली, "मार्चच्या पाकिटात."

"काल तुम्ही दाखवलंत तवाच मी वळखलं," नागेश म्हणाला. "माझाच हात तो. पण सांगितलं असतं तर वही दाखवायला लागली असती. माझ्यावर कोण इस्वास ठेवणार?"

प्रमिलाने तिथेच उभं राहून एलेनीला मेसेज केला: मार्चमध्ये मुजुमदारांना तुम्ही काय पाठवलं होतं?

उत्तर वाचून तिने वही मिटली. "चला, नागेशराव. गाडीत बसा. आणि आज तुम्ही बाहेर उभं राहायचं नाही, माझ्याबरोबर आत यायचं."

६

मुजुमदारांच्या केबिनमध्ये बावीस वर्षांत नागेश कधी बसला नव्हता. प्रमिलाने खुर्ची ओढून त्याला बसवलं. सुजीत आणि प्रज्ञालाही बोलावून घेतलं.

"रिपोर्ट तयार?" मुजुमदारांनी घड्याळ पाहिलं. "यल्ला, चला, सही करून टाकू."

"आधी ऐका," प्रमिला म्हणाली. "हे पत्र ग्रीसमधून आलेलं नाही. त्यात काप्सालिस रविवारी बँकेत जातात. रविवारी बँकेत जाणारा माणूस आखातातला. म्हणजे ते इथे लिहिलं गेलं."

"मग नागेशनेच कोणाकडून तरी लिहून घेतलं असेल!"

"सुजीतने लिहिलं असतं, तर तारीख रविवारची नसती. युरोचा रविवार त्याच्याइतका कोणाला ठाऊक नाही, भिंतीवर फुल्या मारून ठेवल्यात. प्रज्ञाने लिहिलं असतं, तर पाच जुलै नसतीच. त्या दिवशी मतदान आहे म्हणून तिने स्वतः एलेनीला मेसेज केलाय. राहिला नागेश. त्याच्याकडे हे पाकीट नव्हतं."

"आणि कोणाकडे होतं?"

"तुमच्याकडे." प्रमिलाने वही उघडून पाकीट कोपऱ्याला लावलं. "बावीस मार्चला एलेनीच्या लग्नाचं निमंत्रण तुम्हाला आलं होतं, तिच्या स्वतःच्या अक्षरात. त्याचा कोपरा नागेशने कापला म्हणून तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापलंत. म्हणजे तेव्हा पाकीट तुमच्या हातात होतं. तिकीट नसलेलं पाकीट तुम्हाला सोयीचंच होतं. शिक्का नाही, तारीख नाही, आणि बोट नागेशकडे. तो तिकिटं फेकून मोकळा झाला, असं तुम्ही धरून चाललात."

 प्रज्ञा पाकीट बघायला पुढे वाकली. 

"व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे," प्रमिला म्हणाली. "मे महिन्यात लग्नाहून येताना तुम्ही तिथे खातं उघडलंत. नाव कोणाचंही असो, विमा कंपनी विचारेल तेव्हा बँक सांगेल."

"मी चोर नाही," मुजुमदार एकदम भडकले. "मी धंदेवाला आहे! अख्खं जग म्हणत होतं, ग्रीस युरोतून जाणार. त्यांचं जुनं चलन, ड्राख्मा, परत येणार, तेही पडक्या भावाने. महिनाभर थांबलो की तेच देणं अर्ध्यात फिटणार होतं. हॉटेलवाले माझे पैसे देत नाहीत, मी काय करू? पैसे बाजूला काढून ठेवले नि वाट पाहिली. तेरा जुलैला कर्ज देणाऱ्यांशी त्यांचं जमलं. ग्रीस युरोतच राहिला आणि मी तोंडावर आपटलो."

"तोवर पैसे तुम्हाला आपले वाटायला लागले होते."

 मुजुमदारांचा धंदेवाल्याचा चेहरा परत आला. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक पासपोर्ट टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"ऐका, प्रमिलाताई. काप्सालिसचे पैसे मी उद्याच्या उद्या पाठवतो, पूर्ण. तुम्ही रिपोर्टात लिहा, बँकेची चूक. नागेश, तुला वीस हजार दिरहम जास्त. साडेतीन लाख रुपये होतात! पासपोर्ट घे, उद्या घरी जा. ती वही फक्त मला दे. नाहीतर ऐक. मी आत्ता पोलिसांत तक्रार टाकली, तर खरंखोटं व्हायला सहा महिने लागतील. तोवर तू इथेच."

 खोटा रिपोर्ट प्रमिला लिहिणार नव्हती, मरेपर्यंत नाही. पण तिच्या सहीची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजायची होती. तिने नागेशकडे पाहिलं. "नागेशराव, मी माझ्यापुरतं बोलते, मी खोटं लिहिणार नाही. वही तुमची आहे. ती तुम्ही देऊन टाकलीत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. तुम्ही खूप वर्षं थांबलात."

नागेश पासपोर्टाकडे बघत होता. 

"प्रज्ञाबाय," त्याने विचारलं, "त्या तिकडच्या घाण्यावर किती बाया म्हणालात?"

"चाळीस, काका."

"त्यांचे पगार ह्या पैशातनं?"

"हो."

"आणि सायबांनी उद्या पैसे पाठवले नाय, आणि वही तर दिलेली, मग?"

प्रज्ञाने मुजुमदारांकडे पाहिलं. 

नागेश उठला. त्याने वही उचलून प्रमिलाच्या हातात दिली. मग मालकाच्या हाताखालून पासपोर्ट ओढला. अगदी सावकाश, पण ओढला. मुजुमदारांचा हात बाजूला झाला.

"टाका तक्रार," तो म्हणाला. "साक्ष मीच देणार. मॅडम, विमावाले कधी येणार?"

"रविवारी," प्रमिला म्हणाली.  "पण मग पोलीस, जबाब... उद्याचं विमान चुकेल, नागेशराव. पुढचं कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही."

"म्हाइत हाय."

तो केबिनबाहेर आला. प्रमिलाही मागोमाग आली. जिन्याजवळ थांबून त्याने फोन काढला. पलीकडे प्रभावती, त्याची बायको. राजापुरात दुपार झाली असणार. फोन उचलताच तिने काहीतरी आनंदाने विचारलं आणि नागेशने डोळे मिटले.

"प्रभा, ऐक. उद्या येत नाय मी." पलीकडून रडण्याचा आवाज प्रमिलाला दोन हातांवरून ऐकू आला. नागेश पासपोर्ट छातीशी धरून उभा होता. "रडू नको गं. पासपोर्ट माझ्या हातात हाय. नाय, नाय... कोणी अडकवलं नाय मला. मी थांबलोय."

त्याने भिंतीला पाठ टेकली आणि तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं. "प्रभा, मी माझ्या मनानं थांबलोय."